पाऊस आला की इमारत काय करते? ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना दडलेलं मुंबईचं उत्तर

रविवारी सकाळी चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून ओव्हल मैदानावर गेलात, तर एकाच वेळी पाच-दहा क्रिकेटचे सामने रंगलेले दिसतील. कोणाचा चेंडू कोणाच्या पिचवर जातोय, याचा कोणालाच पत्ता नसतो. त्याच गर्दीत कडेला वही मांडीवर घेऊन बसलेली काही पोरं-पोरी असतात. सामन्याकडे त्यांचं लक्ष नसतं. कोणी राजाबाई टॉवर काढत असतं, कोणी पाठ फिरवून समोरच्या इमारतींच्या गोलाकार बाल्कन्या. ही मंडळी बहुतेक वेळा आर्किटेक्चर किंवा डिझाइन शिकणारी असतात.

मुंबईत इमारतींना काय तोटा? मग वही घेऊन इथंच यायचं कारण काय?

कारण सोपं आहे. २२ एकरांच्या या मैदानात पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर १८७० च्या दशकातली मुंबई दिसते. उंच टॉवर, टोकदार कमानी, काळा-पिवळा दगड. आहे त्याच जागी मागे वळलं की समोर १९३० च्या दशकातली मुंबई. चार-पाच मजली, फिकट रंगांच्या, गोल कोपऱ्यांच्या इमारती. मध्ये साठ वर्षांचं अंतर, पण चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोनं या परिसरातल्या ९४ इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती या दोन शैली अशा समोरासमोर उभ्या आहेत म्हणूनच.

आता "जुन्या इमारती किती सुंदर" एवढं म्हणून फोटो काढून निघता येतं. डिझाइन शिकणाऱ्याला तिथं थांबून चालत नाही. इमारत अशी का दिसते, हा त्याचा खरा प्रश्न. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक इमारतीला एकच गोष्ट विचारायची: पाऊस आला की तू काय करतेस?

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. तोही सरळ खाली पडत नाही, समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. उरलेले आठ महिने ऊन आणि दमट हवा. म्हणजे इथल्या घराला पाणी अडवायचं आहे, ऊन अडवायचं आहे, पण वारा मात्र आत घ्यायचा आहे. हे तिन्ही एकदम साधणं, ही इथल्या प्रत्येक आर्किटेक्टची खरी परीक्षा.

आधी तट पाडला, मग शहर वाढलं

फोर्ट भागाला फोर्ट म्हणतात, कारण तिथं खरोखरच किल्ला होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात त्याच्या तटबंदी पाडल्या गेल्या. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा होता आणि तट पडल्यामुळे मोकळी जागाही मिळाली होती. त्या जागेवर ओळीनं सरकारी आणि सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. जुनं सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झालं, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये.

टॉवरसाठी पैसे दिले कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं. उंची सुमारे ८५ मीटर. आराखडा होता लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे स्कॉटसाहेब मुंबईत कधी आलेच नाहीत!

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्या समोर आजच्या बाल्कनीवाल्या इमारती नव्हत्या. मैदान, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि मग थेट समुद्र. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सरळ या दगडी भिंतींवर आदळायचा.

गॉथिक साहेबाचं, ओसरी आपली

टोकदार कमानी, निमुळते मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या ही युरोपातल्या गॉथिक शैलीची ओळख. पण युरोपात हिवाळा बोचरा असतो, तिथं ऊब आत धरून ठेवायची असते. मुंबईत गरज नेमकी उलटी. मग तीच शैली इथं आणताना काय केलं?

कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावरून चालत गेलं की उत्तर दिसतं. जुन्या सचिवालयाला आणि हायकोर्टाला कमानींच्या मागे लांबच लांब व्हरांडे आहेत. पाऊस आणि ऊन या व्हरांड्यातच अडकतात. आतली खोली त्याच्या मागे, सावलीत असते. मराठी घराला ही युक्ती नवी नाही. कोकणातल्या घराची पडवी किंवा वाड्याची ओसरी हेच काम करते. विद्यापीठाच्या इमारतीतही कमानींच्या उघड्या गॅलऱ्या आणि बाहेरून दिसणारे गोल जिने आहेत.

दगडही इथलाच. विद्यापीठाच्या इमारतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला आहे. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांच्या २४ आकृत्या आहेत. त्यांचे नमुने घडवले राव बहादूर मुकुंद रामचंद्र या इंजिनियरनं. म्हणजे आराखडा लंडनचा, पण भिंतीवर उभी असलेली माणसं इथली.

हायकोर्टाच्या दगडात तर एक माकड कोरलेलं आहे. एका डोळ्यावर पट्टी आणि हातात न्यायाचा तराजू! काम करणाऱ्या एका पारशी कंत्राटदाराचा मुख्य कंत्राटदाराशी खटला झाला, त्यात तो हरला आणि त्यानं असा सूड उगवला, असा किस्सा सांगितला जातो. खरंखोटं देव जाणे, पण वहीत ते माकड काढल्याशिवाय विद्यार्थी सहसा उठत नाहीत.

वडिलांनी व्हीटी बांधलं, मुलानं रीगल

आता पाठ फिरवायची. पण त्याआधी एका घराची गोष्ट सांगायला हवी.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे नाव मुंबईकरांना फारसं ठाऊक नसतं, त्यांचं काम मात्र रोज दिसतं. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुनं व्हीटी, त्यांचं. समोरचं महापालिकेचं मुख्यालय त्यांचं. चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्यांचंच. तिन्हीकडे घुमट, मनोरे आणि नक्षीकामाची रेलचेल.

त्यांचा मुलगा चार्ल्स स्टीव्हन्स, तोही आर्किटेक्ट झाला. त्यानं १९३३ मध्ये कुलाब्याला रीगल सिनेमा बांधला. त्यात वडिलांच्या शैलीतलं काही म्हणजे काही नाही. सरळ उभ्या रेषा, साधे पृष्ठभाग, कुठेही मनोरा नाही. एका पिढीत शहराची आवड एवढी बदलली.

ही नवी शैली म्हणजे आर्ट डेको. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यावरून हे नाव पुढे आलं. गंमत म्हणजे ते रूढ झालं १९६० च्या दशकात. मुंबईत या इमारती बांधल्या जात होत्या, तेव्हा लोक त्यांना सरळ 'मॉडर्न' म्हणायचे. आज आपण ज्यांना 'हेरिटेज' म्हणतो, त्या आपल्या काळात शहरातल्या सगळ्यात नव्या फॅशनच्या इमारती होत्या.

भुवया असलेल्या इमारती

समुद्रात भराव घालून बॅकबेची नवी जमीन तयार झाली आणि तिच्यावर १९३० च्या दशकात ओव्हलच्या पश्चिमेची रांग उभी राहिली. या रांगेच्या उत्तरेकडच्या टोकाला इरॉस सिनेमा आहे, १९३८ मध्ये सुरू झालेला. सोहराबजी भेदवार यांनी तो डिझाइन केला. कोपऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा त्याचा मनोरा चर्चगेटला उतरणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला असतो.

पुढे महर्षी कर्वे रोडवर राहत्या इमारती आहेत. एकीचं नाव 'कोर्ट व्ह्यू', कारण गॅलरीतून समोर हायकोर्ट दिसतं. त्यांतली 'एम्प्रेस कोर्ट' गजानन म्हात्रे यांची. पूर्वेकडच्या सरकारी इमारतींचे आराखडे इंग्रज लष्करी इंजिनियरांनी किंवा लंडनच्या आर्किटेक्टनं केले होते. पश्चिमेकडच्या घरांचे आराखडे मोठ्या प्रमाणात भारतीय आर्किटेक्ट करत होते, आणि राहणार होती ती शहरातली सुखवस्तू भारतीय कुटुंबं. फरक फक्त शैलीचा नव्हता, शहर कोण घडवतंय तेही बदललं होतं.

बांधायचं साहित्यही बदललं. दगडाच्या जागी आरसीसी आलं, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट. दगडी भिंत जाड लागते, कारण सगळा भार तीच पेलते. आरसीसीत तो भार खांब आणि तुळया घेतात. त्यामुळे भिंत हलकी झाली, खिडकी कोपऱ्यापर्यंत नेता आली आणि भिंतीला आधाराशिवाय बाहेर आलेला छज्जा देता आला.

आणि तिथंच पावसाचं उत्तर सापडतं. या इमारतींच्या खिडक्यांवर लांबलचक आडवे छज्जे आहेत. डोळ्यावर भुवई असते तसे! आर्किटेक्टही त्यांना भुवईच म्हणतात. घामाचा थेंब भुवई डोळ्यात जाऊ देत नाही, तसा हा छज्जा पावसाचं पाणी आणि दुपारचं ऊन खिडकीत येऊ देत नाही. छज्जे आडव्या रेषेत गोल कोपऱ्यावरून वळतात, म्हणून इमारत समुद्रातल्या जहाजासारखी दिसते. त्या काळी जहाज म्हणजे वेग आणि आधुनिकतेची खूण होती. लोकांना ते रूप आवडलं आणि त्यात पावसाचाही बंदोबस्त झाला.

बाकी सजावट पाहायला मजा येते. उगवत्या सूर्याच्या किरणांची जाळी, लाटा आणि कारंज्यांच्या नक्षीचे गज, जिन्यात रंगीत मोझॅक लाद्या, आणि प्रवेशद्वारावर खास वळणाच्या अक्षरांत इमारतीचं नाव. टायपोग्राफी शिकणारे विद्यार्थी तर नुसती ही नावंच टिपत फिरतात.

आकाशात टांगलेली ओसरी

मग उंच इमारतींचा जमाना आला. पंचविसाव्या मजल्यावर पाऊस जास्त जोरानं आदळतो आणि ऊन अडवायला शेजारी झाडही नसतं. तिथं भुवई पुरत नाही.

चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत कंबाला हिलवर 'कांचनजंगा' ही इमारत डिझाइन केली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. सुमारे ८४ मीटर उंच, आत ३२ घरं. कोरियांसमोर मुंबईचा जुनाच पेच होता. इथं वारा आणि समुद्राचा देखावा दोन्ही हवे असतील, तर घराचं तोंड पूर्व-पश्चिम हवं. पण कडक ऊन आणि झोडपणारा पाऊसही त्याच दिशांनी येतो. जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंनी व्हरांडा हा तोडगा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत नेला. प्रत्येक घराला दोन मजले उंचीची बागेसारखी गच्ची मिळाली आणि राहत्या खोल्या तिच्या मागे, आत गेल्या.

म्हणजे १८७४ चं सचिवालय, १९३८ ची एम्प्रेस कोर्ट आणि १९८३ ची कांचनजंगा दिसायला एकमेकींच्या जवळपासही नाहीत. तिघींनी केलं मात्र एकच. बाहेरची भिंत आणि आतला माणूस यांच्यामध्ये थोडी सावलीची जागा ठेवली.

आज उभे राहणारे अनेक टॉवर ही मधली जागाच काढून टाकतात. पूर्ण काच आणि आत एसी. काचेतून ऊन आत येतं, ते बाहेर काढायला वीज लागते. बाल्कनी मिळाली तरी घरात जागा कमी म्हणून ती खिडकी लावून बंद केली जाते. यात नुसता बिल्डरचा किंवा रहिवाशांचा दोष काढता येत नाही. जिथं चौरस फुटावर भाव ठरतो, तिथं रिकामी सावली कोणालाच परवडत नाही. पण वीज गेलेल्या मे महिन्यातल्या दुपारी कोणतं घर राहण्यासारखं राहतं, हे पाहिलं की जुन्या उत्तराची किंमत कळते.

मग जुन्या इमारती पाडतात का?

इथं प्रश्न अवघड होतो.

ओव्हलच्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे. इमारतींची श्रेणीनुसार वर्गवारी होते आणि बदल करण्याआधी वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. जागतिक वारशासाठीही इथल्या रहिवासी संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

पण आर्ट डेको फक्त ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवर नाही. दादर, माटुंगा, शिवाजी पार्कच्या गल्ल्यांमध्येही १९३०-४० च्या दशकांतल्या तशाच इमारती आहेत. गोल बाल्कन्या, भुवया, जिन्याला उभी जाळी. मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्या त्यांत वाढल्या. २०१२ मध्ये वारसा यादीच्या प्रस्तावात शिवाजी पार्क परिसराचं नाव आलं, तेव्हा विरोध केला तो तिथल्याच रहिवाशांनी.

असं का? त्यासाठी पुन्हा आरसीसीकडे जावं लागतं. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्षार आणि ओल हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतात आणि आतल्या सळ्या गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं, वरचं काँक्रीट फोडतं आणि स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. दगडी भिंत दीडशे वर्षं उभी राहते, ऐंशी वर्षांच्या आरसीसीला मात्र सतत निगा लागते. निगेला पैसे लागतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, त्यामुळे भाडेकरूंना छप्पर टिकलं. पण त्या भाड्यात मालकाला साधा गिलावाही परवडेना. दुरुस्ती रखडली, छतावर निळी ताडपत्री आली आणि खांबाला लोखंडी टेकू.

अशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजीला "तुमच्या खिडकीवरची भुवई फार सुंदर आहे" असं सांगून काय उपयोग? तिला लिफ्ट हवी आहे, गळतं छत थांबायला हवं आहे. पुनर्विकासात नवं, थोडं मोठं घर मिळतं, तेही पदरचा पैसा न घालता. त्याचा खर्च बिल्डर वाढीव मजले विकून काढतो. जपायचं म्हटलं, तर तेवढा पैसा देणारं कोणी समोर येत नाही. वारशाचा शिक्का मिळाला पण दुरुस्तीचे पैसे मिळाले नाहीत, तर तो शिक्का रहिवाशाला ओझं वाटणारच.

मधला मार्ग नाही असं नाही. इरॉसचंच पाहा. कित्येक वर्षं बंद राहिलेलं हे थिएटर २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झालं. बाहेरचं रूप जपलं, आतलं बरंच बदललं. जुन्या प्रेक्षकांना ते चटका लावून गेलं असेल, पण इमारत उभी राहिली आणि वापरात आली. मात्र चर्चगेटसमोरच्या थिएटरला जे जमलं, ते शिवाजी पार्कच्या तीन मजली इमारतीला जमेलच असं नाही. तिथं उत्पन्न देणारा पडदा नाही, फक्त राहणारी माणसं आहेत.

वहीतल्या चित्राचं काम काय?

मुंबईच्या इमारतींशी विद्यार्थ्यांचं नातं आजचं नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी व्हीटीच्या नक्षीकामाला हात लावलेला आहे. पुढे जे. जे.मध्येच आर्किटेक्चर शिकवणारे क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारती मोजून, मापासकट कागदावर उतरवून घ्यायचे.

मोजून काढणं हे फोटोपेक्षा वेगळं काम आहे. फोटोत छज्जा दिसतो. तो भिंतीपासून किती बाहेर आहे, खिडकीच्या किती वर आहे, त्याच्या खालच्या कडेला पाणी ओघळू नये म्हणून खाच आहे का, हे टेप लावल्यावरच कळतं. आणि हे एकदा कळलं की पुढच्या इमारतीत वापरता येतं. जुनी इमारत उद्या पाडली गेली, तरी तिचं पावसाला दिलेलं उत्तर कागदावर राहतं.

नव्या इमारती तर होणारच. शहराला घरं लागतात आणि १९३० मध्येही लागत होती. तेव्हाच्या आर्किटेक्टनी गॉथिक मनोऱ्यांची नक्कल केली नाही, नवं साहित्य घेतलं आणि नवं रूप दिलं. पण ऊन, पाऊस आणि वारा विसरले नाहीत. ओव्हलवर वही घेऊन बसलेल्या मुलांनी तिथून नेमकं काय घेऊन जायचं, ते एवढंच आहे.

यासाठी डिझाइनचा विद्यार्थीच असावं लागतं असं नाही. येत्या पावसाळ्यात पहिली मोठी सर आली की घराच्या खिडकीपाशी उभं राहून पाहा. पाणी आत येतंय का? आणि येत नसेल, तर ते कोणी आणि कसं अडवलंय?